औषधाची सुट्टी

त्याला मुकादम हे नाव पडलं ते गिऱ्हाइकांच्या चावटपणामुळे. त्याच्या हाताखाली कधी कुणी माणूस नव्हता आणि कुणावर त्याने कधी आवाज चढवला नव्हता. मुळात आवाज असा तो फारसा काढायचाच नाही. केस कापायच्या दुकानात जगाच्या उठाठेवी चालतात, पण याच्या दुकानात फक्त कात्री बोलायची. सुरुवातीला ‘कसे कापू?’ आणि शेवटी डोक्यामागे आरसा धरून ‘बघा’, एवढ्यावर त्याचा धंदा तीस वर्षं चालला होता. मुका म्हणून मुकादम, असं कुणा वात्रट कारकुनाने म्हटलं आणि ते नाव त्याला चिकटलं. पुढे नवीन गिऱ्हाइकांना वाटायचं, हे याचं आडनावच असावं.

पण त्याच्या या गप्प बसण्यालाही गिऱ्हाईक होतं. शाळामास्तर, दुकानातले विक्रेते, तक्रारखिडकीवर बसणारे लोक, अशी दिवसभर बोलून घसा बसलेली माणसं मुद्दाम वाट वाकडी करून त्याच्याकडे यायची, डोळे मिटून बसायची आणि मानेवर गार पाण्याचा फवारा आला की सुस्कारा सोडायची. दुकान चिंचोळं होतं. एका बाजूला किल्ल्या करून देणाऱ्याची टपरी, दुसऱ्या बाजूला कपडे धुऊन देणारा. दोन्ही भिंतींना आरसे, त्यामुळे खुर्चीत बसलेल्याला आपल्यामागे आपणच दूरवर रांगेत बसलेले दिसायचे. दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत तो राहायचा.

त्याचं लग्न झालं होतं. दोन-अडीच वर्षं टिकलं. भांडण नाही, तंटा नाही, दारू नाही. एक दिवस बायकोने बॅग भरली आणि दारात उभी राहून म्हणाली, “तुमच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण रिकाम्या घरातच राहायचं तर मी माझी एकटी राहते की.” यावर त्याला उत्तर सुचलं, पण ते ती रस्ता ओलांडून गेल्यावर. पुढे तिने दुसरं लग्न केल्याचं कानावर आलं. त्याला वाईट वाटलं नाही, किंवा वाटलं असलं तरी कुणाला कळलं नाही.

राहिली ताई. आई गेली तेव्हा तो सात-आठ वर्षांचा होता आणि ताई कॉलेजात जायच्या वयाची. तिने कॉलेजचं नावच काढलं नाही. याचा डबा केला, याची नखं कापली, वडिलांच्या मागे याला धंद्याला लावलं आणि मग, बरोबरीच्या मैत्रिणींची मुलं शाळेत जायला लागल्यावर, स्वतः लग्न केलं. आता ती रेल्वेने रात्रभराच्या अंतरावर राहायची. भाऊजी अर्धांगाच्या झटक्याने अंथरुणाला खिळलेले. रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. ती बोलायची आणि हा ‘हं’ म्हणायचा. त्याच्या ‘हं’चे सगळे प्रकार आपल्याला ओळखता येतात, असा ताईचा दावा होता.

आजाराची सुरुवात पोटाच्या कुरबुरीने झाली. शौचाला रक्त पडू लागलं. दिवसभर उभ्याने काम करायचं म्हटल्यावर मूळव्याधच असणार, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं आणि औषधाच्या दुकानातून मलम आणलं. कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, मग त्याच्याही अलीकडे आणखी एक. एकदा गिऱ्हाइकाचं डोकं धरून उभा असताना त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि गिऱ्हाइकानेच त्याला खुर्चीत बसवलं, तेव्हा कुठे तो डॉक्टरकडे गेला. तपासण्या झाल्या. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला.

ऑपरेशनच्या कागदावर सही कोण करणार, असं विचारलं तेव्हा त्याने बराच विचार केला आणि शेजारच्या किल्लीवाल्याला घेऊन आला. ‘रुग्णाशी नातं’ असं छापलेल्या ओळीपुढे किल्लीवाल्याने ‘शेजारी’ असं लिहिलं आणि पेन परत देताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ताईला त्याने काही कळवलं नाही. तिच्या घरात एक आजारी माणूस होताच, तिच्या उरावर आणखी एकाचा भार कशाला, हे एक कारण. दुसरं कारण असं की फोनवर ती इतकी भरभर बोलायची की मध्ये एवढी मोठी गोष्ट घुसवायची कुठे, हे त्याला समजत नसे. ऑपरेशननंतरच्या रविवारी तिचा फोन लागला नाही, तेव्हा त्याने नंतर सांगितलं की फोन बिघडला होता.

आतड्याचा वीतभर तुकडा काढला आणि मग सलाइनमधून औषधं सुरू झाली. त्या औषधांनी त्याला गार वस्तू सोसेना. सकाळी दुकान उघडून कात्री हातात घेतली की बोटांत झिणझिण्या उठायच्या, जणू विजेच्या तारेला हात लागलाय. त्याने कात्रीच्या कड्यांना कापडी पट्टी गुंडाळली. औषधं संपल्यावर झिणझिण्या गेल्या, पण बोटांची टोकं बधिर झाली ती झालीच. शर्टाची बटणं लावताना त्याला खाली बघावं लागायचं. अशा हातांनी दुसऱ्याच्या गळ्यावर वस्तरा फिरवणं त्याला पटेना. एके दिवशी त्याने दारावर ‘दाढी बंद’ अशी पाटी लावली. लोकांनी कारण विचारलं, तर तो म्हणाला, “वय झालं.”

वर्षभराने यकृतात गाठी दिसल्या. मग त्याची गाठ पडली नव्या डॉक्टरीणबाईंशी. बाई वयाने त्याच्याहून बऱ्याच लहान. बोलताना समोरच्याकडे नीट बघायच्या आणि घाई करायच्या नाहीत. त्यांनी सांगितलं की आता एक वेगळं औषध देऊन बघू. गाठीतल्या पेशींना वाढायचा निरोप बाहेरून येत असतो आणि हे औषध त्या निरोपाची वाट अडवतं. त्याने चेहऱ्यावर पुरळ उठेल, मुरमांसारखं. ते दिसायला वाईट दिसेल, पण बहुतेक वेळा ते औषध लागू पडल्याचं लक्षण असतं.

पुरळ उठलं आणि चांगलंच उठलं. नाक, कपाळ, हनुवटी, मान, सगळीकडे लालभडक फोड. बाईंनी मलम दिलं, गोळ्या दिल्या, उन्हात जाऊ नका म्हणाल्या. पण धंदाच असा, की दोन्ही बाजूंना आरसे आणि त्यांतून फोडांनी भरलेले शंभर मुकादम एकमेकांकडे बघतायत. गिऱ्हाइकं तोंडावर काही बोलली नाहीत. दारापर्यंत यायची, काचेतून आत डोकावायची आणि काहीतरी विसरल्यासारखं करून पुढे जायची. एका बाईने आपल्या मुलाला खुर्चीवरून उतरवलं आणि म्हणाली, “आज राहू दे, याला ताप आहे वाटतं.” हा रोग लागत नाही, एवढं एक वाक्य बोलून त्याला मोकळं होता आलं असतं. ते वाक्य त्याच्या ओठांपर्यंत कितीतरी वेळा आलं. पण त्यापाठोपाठ, मग हे आहे तरी काय, हा प्रश्न आला असता आणि त्याचं उत्तर खूप लांबलचक होतं. तो रिकाम्या खुर्चीवर पडलेले केस नसतानाही फडकं मारत बसायचा.

दर पंधरवड्याला औषध घ्यायला तो इस्पितळाच्या ज्या मोठ्या खोलीत जायचा, तिथे आरामखुर्च्यांची रांग होती. त्याच्या शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त बस-कंडक्टर यायचे. रोग तोच, औषध तेच आणि चेहऱ्यावर पुरळही तसंच. मात्र स्वभाव अगदी उलट टोकाचा. जन्मभर भरल्या बसमध्ये ओरडून त्यांचा आवाज असा तयार झाला होता की त्यांनी हळू काही सांगितलं तरी सगळ्या खोलीला ऐकू जायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी मुकादमाकडे वळून पाहिलं, मग स्वतःच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, “या बाईंनी आपल्याला पुन्हा वयात आणलं बघ. आता मिसरूड फुटायची तेवढी राहिली.”

मुकादमाला हसू आलं. पुरळामुळे हसताना गाल दुखले, तरी तो हसला.

नर्सला शीर सापडेना, तर कंडक्टर म्हणायचे, “बाई, पुढचं दार बंद आहे, मागून चढा.” औषधाची पिशवी संपत आली की म्हणायचे, “चला, शेवटचा थांबा.” मुकादम हे नाव का पडलं ते त्यांनी लगेच ओळखलं आणि त्यांना ते फार आवडलं. ते बोलायचे, हा ऐकायचा. कंडक्टरना दोन मुलं, दोन्ही दूर. बायको सोबत यायची, पण औषध चढत असताना ती बाहेरच्या बाकावर विणकाम करत बसायची. नवऱ्याची बडबड चाळीस वर्षं ऐकली, आता एवढे तास तरी सुट्टी, असं म्हणायची. मुकादमाला ते दिवस बरे वाटायचे. सुई टोचून घ्यायला जायचं आणि ते बरं वाटायचं, हे कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. पण महिन्यातून दोनदा कुणीतरी त्याची वाट पाहत असायचं, एवढं मात्र खरं होतं.

औषधाने काम केलं. गाठी निम्म्याहून लहान झाल्या, वजन वाढलं, पट्टा पुन्हा जुन्या भोकावर आला. वर्षभर असं चाललं. मग रक्तातला एक आकडा वर सरकू लागला, पुढच्या तपासणीला आणखी वर गेला आणि स्कॅनच्या फोटोत जुन्या गाठी फुगलेल्या दिसल्या. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं की गाठी आता या औषधाला दाद देत नाहीत.

“म्हणजे औषध संपलं?” मुकादमाने विचारलं.

“तसं नाही,” बाई म्हणाल्या. “ज्या पेशींवर ते चालत होतं, त्या मेल्या. पण मूठभर पेशी वेगळ्या होत्या. त्यांना वाढायला बाहेरून निरोप लागत नाही, त्या आपल्या मनाने वाढतात. बाकीच्या मेल्या आणि या हट्टी पेशींना रान मोकळं मिळालं.”

मग त्या जे म्हणाल्या ते त्याला चमत्कारिक वाटलं. हे औषध आता काही महिने बंद ठेवायचं. औषध असेपर्यंतच त्या हट्टी पेशींचा वरचष्मा असतो. ते काढून घेतलं की साध्या पेशी पुन्हा जोमाने वाढतात आणि हट्टी पेशी हळूहळू मागे पडतात. मधल्या काळात साध्या गोळ्या घ्यायच्या आणि अधूनमधून रक्त तपासायचं. गाठीतल्या मेलेल्या पेशींचे तुकडे रक्तात येतात, त्यावरून आत कोणत्या पेशी जास्त आहेत ते समजतं. हट्टी पेशी पुरेशा कमी झाल्या की तेच औषध पुन्हा द्यायचं.

“तोवर रोग वाढू द्यायचा?”

“थोडा वाढेल. आपण बघत राहायचं,” बाई म्हणाल्या. “मी खोटं सांगणार नाही. सगळ्यांच्या बाबतीत हे जमत नाही. जमलं तरी रोग मुळापासून जात नाही. पण वेळ मिळतो, आणि चांगला मिळतो.”

मान हलवून तो बाहेर आला. त्याने ऐकलं सगळं, पण त्याच्या मनाने त्यातून एकच गोष्ट उचलली. आपल्याला घरी पाठवलं. माणसाला तोंडावर हाकलता येत नाही तेव्हा लोक असंच गोड बोलून घरी पाठवतात. कंडक्टरनाही तेच सांगितलं होतं. ते म्हणाले, “औषधाला सुट्टी दिलीय बाईंनी. जन्मभर सुट्टीसाठी साहेबाच्या मागे लागलो, आणि आता मिळाली तर नको वाटतेय बघ.”

दोन महिन्यांत मुकादमाचा चेहरा स्वच्छ झाला. आधी कपाळ, मग गाल, शेवटी नाकाच्या कडा. आरशांत पुन्हा पूर्वीचा माणूस दिसू लागला. आणि गिऱ्हाइकं परतली. जी पुढे जायची ती आत आली, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, “वा मुकादम, तब्येत सुधारली की. बरे दिसताय.” धुलाईवाला म्हणाला, “काय ते औषध घेत होता ते भारी होतं बरं का.” मुकादम ‘हं’ म्हणायचा. चेहरा खराब होता तेव्हा आत औषध लढत होतं. आता चेहरा चांगला होता आणि आत गाठी निवांत वाढत होत्या. लोक नेमके आताच त्याचं अभिनंदन करत होते. कुणावर चिडायची सोय नव्हती. सगळे प्रेमानेच बोलत होते.

आयुष्यात पहिल्यांदाच त्याला गप्प बसणं जड जाऊ लागलं. रात्री जेवण उरकून दिवा मालवण्याआधी तो मनातल्या मनात वाक्यं जुळवायचा. एकदा दुपारी किल्लीवाला केस कापायला आला. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. सही करणारा हाच, याला सांगायला हरकत नाही, असं मुकादमाने ठरवलं. कानामागचे केस कापता कापता त्याने घसा खाकरला आणि म्हणाला, “तुम्हाला एक सांगायचं होतं.”

“बोला की,” किल्लीवाला म्हणाला आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुणीतरी बंद दाराबाहेर अडकलं होतं. किल्लीवाला अर्धवट कापलेल्या केसांनिशी पिशवी उचलून पळाला आणि जाता जाता म्हणाला, उरलेलं उद्या. दुसऱ्या दिवशी तो आला, केस पूर्ण करून घेतले, पण काय सांगायचं होतं हे त्याने विचारलं नाही, आणि मुकादमालाही पुन्हा सुरुवात करायचं बळ आलं नाही.

रक्त तपासायला गेलं की कंडक्टर भेटायचे. आधी ते वाळत गेले, मग पिवळे पडले. त्यांच्या रक्तातल्या हट्टी पेशी हलायला तयार नव्हत्या. एका तपासणीला ते आलेच नाहीत. त्यांना इस्पितळात दाखल केलं आणि त्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. आवाज इतका बारीक, की कोण बोलतंय हे मुकादमाला आधी ओळखताच आलं नाही.

“मुकादम, हत्यारं घेऊन ये,” कंडक्टर म्हणाले. “चेहरा साफ झालाय. एकदा नीट दाढी करायचीय.”

बोटं बधिर आहेत, दाढी बंद केलीय, हे त्याने सांगितलं. कंडक्टर म्हणाले, “मलाही फारसं काही कळत नाही आता. जमेल आपलं.”

दुपारी दुकान बंद करून तो इस्पितळात गेला. पेटीत तळाशी ठेवलेला वस्तरा बाहेर काढला होता, नवं पातं बसवलं होतं. कंडक्टरची बायको पलंगाशेजारी बसली होती. तिने उशी उंच केली, कोमट पाण्याचं भांडं आणून दिलं आणि विणकाम घेऊन खिडकीशी गेली. पाणी किती गरम आहे हे मुकादमाला बोटांनी कळेना, म्हणून त्याने थेंबभर पाणी स्वतःच्या ओठाला लावून पाहिलं. ब्रशने भरपूर फेस केला. दाढीचा कल कुठे वळतो ते मनगटाच्या आतल्या बाजूने चाचपलं. मग खुर्ची ओढून बसला, कारण उभं राहून हात स्थिर राहिला नसता, आणि गालाची कातडी ताणून पहिला हात फिरवला. गाल खोल गेले होते. हाडाच्या कडेने पातं नेताना त्याने श्वास रोखून धरला. एरवी ज्या कामाला पाच मिनिटं लागली असती त्याला त्या दिवशी तासभर लागला असेल. रक्ताचा एकही ठिपका आला नाही.

कंडक्टर डोळे मिटून पडले होते. फेस पुसल्यावर ते म्हणाले, “तुला एक विचारू? मी गेल्यावर तुझं कोण ऐकणार?”

“मी कुठे काय बोलतो?”

“तेच म्हणतोय मी.”

मुकादमाने वस्तरा पुसला, मिटला. मग म्हणाला, “बहीण आहे एक. तिला माहीत नाही.”

कंडक्टरनी डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. काही विनोद करतील असं त्याला वाटलं, पण त्यांनी केला नाही. “सांग तिला,” एवढंच म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले. खिडकीशी बसलेल्या बायकोच्या सुया तेवढ्या वाजत होत्या.

चार दिवसांनी ते गेले. मुकादम अंत्यविधीला गेला, मागे उभा राहिला आणि कुणी ओळख विचारायच्या आत परतला. कोण म्हणून सांगणार होता? मित्र म्हणावं तर ओळख दोन खुर्च्यांपुरती. त्या दिवशी तो घरी आल्यावर जेवला नाही, पलंगावर नुसता बसून राहिला.

नंतरच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला बोलावलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. त्याच्या रक्तात हट्टी पेशींचा मागमूस जवळजवळ उरला नव्हता. गाठी थोड्या वाढल्या होत्या, पण त्या आता साध्या पेशींच्या होत्या. औषध पुन्हा सुरू करायचं. बाई बोलत होत्या आणि मुकादम शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता. एकाच औषधाने दोघांवर सारखं पुरळ उठवलं, एकाच वेळी दोघांना सुट्टी मिळाली, मग असं का, हे त्याने विचारलं. बाई म्हणाल्या की प्रत्येकाच्या गाठीचा स्वभाव वेगळा असतो. का, ते अजून आम्हालाही पुरतं समजलेलं नाही. हे उत्तर त्याला प्रामाणिक वाटलं. त्याचं समाधान झालं नाही, पण प्रामाणिक वाटलं.

बाहेर पडल्यावर ही बातमी कुणाला सांगावी असं त्याला फार वाटलं. फाटकापाशी उभा राहून त्याने खिशातला फोन काढला. त्यात ताई, किल्लीवाला, धुलाईवाला, ब्लेडं पुरवणारा आणि कंडक्टर. पाच माणसं. त्याने फोन परत खिशात टाकला आणि चालत घरी आला.

औषध पुन्हा चढलं. शेजारच्या खुर्चीत आता कुणीतरी शाल पांघरून झोपलेलं असायचं. मुकादम रोज सकाळी दुकान उघडून आधी आरशासमोर उभा राहायचा. कपाळ स्वच्छ, नाक स्वच्छ. दुसऱ्या दिवशीही स्वच्छ. म्हणजे औषध लागू पडलेलं नाही, असं वाटून तो आरसा पुसून पुन्हा बघायचा. मग एका सकाळी नाकपुडीच्या बाजूला दोन लाल ठिपके दिसले. त्याने दिवा लावून पाहिलं, चेहरा आरशाला टेकेल इतका जवळ नेऊन पाहिलं. संध्याकाळपर्यंत चार झाले. त्या दिवशी त्याने पहिल्या गिऱ्हाइकाला न विचारता डोक्याला तेल चोळून दिलं. गिऱ्हाईक चकित झालं.

पुरळ भरगच्च उठलं आणि दुकान पुन्हा ओस पडलं. रविवार आला. फोनवर ताई सांगत होती की स्वयंपाकघरातली भिंत ओली झालीय, घरमालक ऐकत नाही, भाऊजींना कूस बदलायला दोन माणसं लागतात. मुकादमाने दोनदा ‘हं’ म्हटलं. मग म्हणाला, “ताई, जरा थांब. मला बोलायचंय.”

ताई थांबली. असं तो कधी म्हणालाच नव्हता.

त्याने सांगितलं. वाक्यं जुळवून ठेवली होती, पण ऐनवेळी ती भलत्याच क्रमाने आली. आधी पुरळ, मग ऑपरेशन, मग कंडक्टर, मग कॅन्सर. ताईने एकदाही मध्ये अडवलं नाही. 

“कधीपासून?” तिने विचारलं.

“चौथं वर्ष चालू आहे.”

“ऑपरेशनच्या वेळी सही कोणी केली?”

“शेजारचा आहे एक. किल्ल्या करतो.”

ताईने फोन ठेवला. पुढच्या रविवारी तिचा फोन आला नाही. त्याने दोनदा नंबर काढला आणि दोनदा फोन खाली ठेवला. बोलून जे होतं ते असं होतं, म्हणून आपण बोलत नव्हतो, असा त्याने मनाशी निष्कर्ष काढला.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी तो दुकानात एकटा बसला असताना दार ढकलून ताई आत आली. केस पिकलेले, हातात बॅग, प्रवासाने डोळे सुजलेले. भाऊजींसाठी नणंदेला बोलावून घेऊन ती आली होती. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, हनुवटी धरून त्याचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि एकेक फोड बघितला. मुकादमाच्या चेहऱ्याला किती तरी वर्षांत डॉक्टरीणबाईंशिवाय कुणी हात लावला नव्हता.

“मला परकी केलंस तू,” ती म्हणाली. “किल्लीवाला चालला.”

त्याने तिच्या हातातली बॅग घेतली. ताई वर गेली, खोल्यांतली जळमटं काढली, गाद्या उन्हात टाकल्या आणि तीन दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली. चौथ्या दिवशी त्याच्याबरोबर इस्पितळात गेली. तिथे तासाभरात तिने नर्सच्या मुलाचं नाव, शाल पांघरलेल्या माणसाचं गाव आणि चहा कुठे चांगला मिळतो ते माहीत करून घेतलं. औषध चढत असताना ती त्याच्या मोकळ्या हाताची बोटं चोळत बसली. बोटांना स्पर्श फारसा कळत नव्हता, हे त्याने तिला सांगितलं नाही.

फोटो निघाले. गाठी पुन्हा आक्रसत होत्या. पहिल्यासारख्या नाही, पण आक्रसत होत्या. बाई म्हणाल्या, हे किती दिवस चालेल ते सांगता येत नाही. पुन्हा दाद देईनाशा झाल्या तर पुन्हा रक्त बघू, पुन्हा काहीतरी वाट काढू. ताईने ते दोनदा समजावून घेतलं आणि रस्त्यावर आल्यावर एका भिंतीला टेकून रडली. मुकादम तिची बॅग धरून शेजारी उभा राहिला.

नणंदेची रजा संपली तशी ताईला जावं लागलं. गाडीच्या खिडकीतून ती म्हणाली की सगळा राग अजून गेलेला नाही. तो म्हणाला, “माहीतेय.” गाडी सुटल्यावर तो फलाटावर गर्दी पांगेपर्यंत थांबला आणि मग दुकानात आला.

त्याला आता वर्ष होत आलं. औषध चालू आहे. पुरळ आहे. किल्लीवाला, शाळामास्तर आणि आणखी चार-सहा जण येतात. कुणी विचारलं तर तो कॅन्सर आहे म्हणून सांगतो, समोरचा गडबडतो, आणि मग दोघं आरशात बघत गप्प राहतात. वरच्या खोल्या पूर्वीसारख्याच शांत असतात. ताईचा फोन मात्र आता रोज येतो, थोडा वेळच, आणि तिला ‘हं’ चालत नाही. पूर्ण वाक्य ऐकल्याशिवाय ती फोन ठेवत नाही.

काल संध्याकाळी तिने विचारलं, “काय खाल्लंस?”

“भात खाल्ला. दोन अंडी उकडली होती,” तो म्हणाला.

“दोन?”

“दोन.”

त्याने फोन ठेवला. ताटात एकाच अंड्याची टरफलं होती. मग उठला, पातेल्यात पाणी घातलं आणि दुसरं अंडं उकडायला ठेवलं.